‘उलगडला’ या क्रियापदाविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कुठल्या तरी प्राण्याचा, पिकाचा नाहीतर जंतूचा ‘जनुकीय नकाशा उलगडला’ अशी बातमी अधूनमधून छापून येते. बातमी खोटी नसते. पण त्या एका क्रियापदाने वाचकाची समजूत अशी होते की पोथी बांधून ठेवलेली होती, कुणीतरी दोरी सोडली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढली. तसे होत नाही. माणसाचे पहिल्या क्रमांकाचे गुणसूत्र जवळपास २५ कोटी अक्षरांचे आहे आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचणारे यंत्र आजही नाही. वाचले जातात ते तुकडे. त्यांवरून मूळ क्रम काय असावा हे संगणकाला ठरवावे लागते, आणि त्या ठरवण्यात चूक किती राहिली असेल हेही बऱ्यापैकी मोजता येते. बातमीतून नेमका तोच आकडा गळतो. तो गळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. जनुक म्हणजे डीएनएचा एक ठरावीक काम असलेला भाग. जीनोम म्हणजे त्या जीवाच्या पेशीतला सगळाच डीएनए. माणसाच्या जीनोमच्या एका संचात सुमारे ३१० कोटी अक्षरे आहेत, सगळी ए, टी, जी आणि सी या चारांतलीच. त्यात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,०००, आणि प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर एकूण लांबीच्या दोन टक्केही नाही. शिवाय नकाशा वेगळा आणि क्रम वेगळा. कोणती खूण कोणत्या गुणसूत्रावर कुठे आहे हे नकाशा सांगतो. क्रम म्हणजे अक्षरन् अक्षर. तेव्हा ‘जीनोमचा क्रम लावला’ असे लिहिणे बरे. आणि जीनोम जितका मोठा तितका जीव प्रगत, हे तर कृपा करून लिहू नये. गव्हाचा जीनोम माणसाच्या पाचपट आहे. टमेसिप्टेरिस नावाच्या, नेच्याच्या कुळातल्या एका लहानशा वनस्पतीचा तर सुमारे १६,००० कोटी अक्षरांचा भरला. २०२४ साली प्रसिद्ध झालेले हे मोजमाप त्या वेळचा उच्चांक ठरले.

कामाचे भवितव्य पुष्कळदा यंत्रापाशी नव्हे, नमुना घेतानाच ठरते. ऊती मिळताच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवायची. गोठवणे-वितळवणे दोन-चारदा झाले की लांब डीएनए तुटतो, आणि तुटलेला नंतर कशानेही लांब होत नाही. पेशी फोडायला डिटर्जंट, प्रथिने पचवायला प्रोटिनेज-के, आरएनए (डीएनएवरून पेशीत निघणारी प्रत) काढायला आरनेज, ही झाली सर्वसाधारण कृती. वनस्पतींत चिकट शर्करा आणि पॉलिफिनॉल असतात म्हणून तिथे सीटॅब नावाचा डिटर्जंट वापरतात. पॉलिफिनॉल नीट निघाले नाहीत तर द्रावण तपकिरी होते आणि पुढची विकरे काम करेनाशी होतात. शुद्धता पाहायला २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास आणि २६० व २३० चे दोनच्या आसपास हवे. पण या मोजणीवरून डीएनए किती आहे हे ठरवू नये. आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही २६० वर प्रकाश शोषतात, त्यामुळे आकडा फुगतो. दुहेरी धाग्यालाच चिकटणारा चकाकणारा रंग वापरून पुन्हा मोजायचे. दोन आकड्यांत दुपटी-तिपटीचा फरक आला, तर नमुना पुन्हा स्वच्छ करण्याखेरीज मार्ग नाही. लांब तुकडे हवे असतील तर नळी व्होर्टेक्सवर, म्हणजे जोरात ढवळणाऱ्या यंत्रावर, धरायची नाही आणि पिपेटला रुंद तोंडाची टिप लावायची. अरुंद तोंडातून ओढताना धागा कातरला जातो.

नमुना कुणाचा, हेही महत्त्वाचे. सस्तन प्राण्याचा पहिला जीनोम करायचा तर नर घ्यावा, कारण त्याच्याकडे एक्स आणि वाय दोन्ही असतात. पक्ष्यांत उलटे: दोन वेगळी लिंगगुणसूत्रे, झेड आणि डब्ल्यू, मादीकडे असतात. नर पक्षी घेतला तर डब्ल्यू त्या जीनोममध्ये कधीच येणार नाही, मग पुढे कितीही वाचा.

यंत्रे ढोबळमानाने दोन जातींची. आखूड वाचणाऱ्या यंत्रासाठी डीएनएचे ३०० ते ५०० अक्षरांचे तुकडे करतात, तुटलेली टोके सारखी करतात आणि दोन्ही टोकांना ठाऊक क्रमाचे अडॅप्टर जोडतात. मग फ्लोसेल नावाच्या काचेच्या पट्टीवर एकेका तुकड्याच्या प्रतींचा गुच्छ तयार होतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक प्रतीला एकच अक्षर जोडले जाते. त्याच्या रंगाची नोंद कॅमेरा करतो, रंग आणि अडसर काढला जातो, पुढची फेरी सुरू. अशा साधारण १५० फेऱ्या एका टोकाकडून आणि १५० दुसऱ्या टोकाकडून. गुच्छातल्या काही प्रती एखाद्या फेरीत मागे राहतात, काही एक पाऊल पुढे जातात. शंभरी ओलांडेपर्यंत रंगांची सरमिसळ होते, म्हणून रीडच्या, म्हणजे एका तुकड्यातून सलग वाचलेल्या अक्षरांच्या, शेपटीकडे अचूकता घसरते. यात नमुन्याचा दोष नसतो, पद्धतच तशी आहे. दोष असतो तो दुसरीकडे. अडॅप्टरला अडॅप्टरच चिकटला की सुमारे १२० ते १३० अक्षरांचा निरुपयोगी तुकडा होतो. लांबीच्या आलेखात तो एका टोकदार सुळक्यासारखा दिसतो. लहान तुकड्यांचे गुच्छ चटकन होतात, त्यामुळे हा सुळका बारीक दिसला तरी खऱ्या डीएनएच्या वाट्याचे बरेच रीड तो खाऊन टाकतो. चुंबकी मण्यांनी लायब्ररी, म्हणजे अडॅप्टर जोडलेले सगळे तुकडे, पुन्हा धुऊन मगच यंत्रावर चढवावी.

लांब वाचणाऱ्या यंत्रांचे दोन मार्ग आहेत. एकात डीएनएचा तुकडा वर्तुळाकार करून तोच तो पुन्हा पुन्हा वाचतात आणि सगळ्या फेऱ्यांचे एकमत काढतात. १५ ते २० हजार अक्षरांचे रीड मिळतात आणि चूक हजारात एखादी किंवा त्याहून कमी. दुसऱ्यात, म्हणजे नॅनोपोअरमध्ये, डीएनएचा धागा एका प्रथिनाच्या छिद्रातून सेकंदाला सुमारे ४०० अक्षरांच्या वेगाने ओढला जातो आणि छिद्रातून जाणाऱ्या विजेच्या चढ-उतारावरून अक्षर ओळखतात. रीड लाखांच्या घरात जाऊ शकतो. पण एकच अक्षर ओळीने आठ-नऊ वेळा आले की वीज बदलतच नाही, आणि आठ ए होते की नऊ हे नक्की कळत नाही. प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. मध्ये एक अक्षर गळले की पुढचे सगळे शब्द बदलतात. चांगले धडधाकट जनुक मग यादीत ‘निकामी’ म्हणून जाते.

यंत्रातून बाहेर पडते ती फास्टक्यू फाइल. एका रीडच्या चार ओळी: पहिलीत नाव, दुसरीत अक्षरे, तिसरीत अधिकचे चिन्ह, चौथीत प्रत्येक अक्षरामागे एक खूण. ती खूण म्हणजे यंत्राला त्या अक्षराची किती खात्री आहे याचा गुण, ‘क्यू’. क्यू २० म्हणजे शंभरात एक चूक, ३० म्हणजे हजारात एक, ४० म्हणजे दहा हजारांत एक. गंमत अशी की या फाइलीत प्रश्नचिन्ह म्हणजे क्यू ३०, खात्री चांगली. नवशिके प्रश्नचिन्हांनी भरलेली ओळ पाहून दचकतात. दचकायचे ते चौकटीचे हॅशचिन्ह दिसले की. त्याचा गुण अवघा २.

हजारात एक चूक ही फुशारकी वाटेल, म्हणून हिशेबच मांडतो. माणसाचा जीनोम सरासरी ३० वेळा वाचायचा ठरवला, तर ३१० कोटी गुणिले ३०, म्हणजे ९,३०० कोटी अक्षरे वाचावी लागतात. दीडशे अक्षरांचा एक रीड धरला तर ६२ कोटी रीड झाले. हजारात एक या दराने त्यांत ९ कोटी ३० लाख अक्षरे चुकीची. आणि एका माणसाचा जीनोम तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण क्रमापेक्षा वेगळा असतो तो सुमारे ४० ते ५० लाख ठिकाणी. म्हणजे खऱ्या फरकांच्या जवळपास वीसपट चुका! तरीही काम निभते, कारण यादृच्छिक चुका विखुरलेल्या असतात. एका जागेवर ३० रीड असतील तर त्या जागी चुकीची अपेक्षित संख्या ०.०३. आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरे अक्षर आले असेल, तर ३० पैकी साधारण १५ रीड एक बोलतात आणि १५ दुसरे. या दोन चित्रांत गल्लत होत नाही. गल्लत होते ती एकाच जागी वारंवार होणाऱ्या चुकीने: दुसऱ्या ठिकाणच्या हुबेहूब प्रतीतले रीड इथे येऊन बसले, किंवा पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेत, एका तुकड्याच्या वीस प्रती निघाल्या आणि त्या वीस स्वतंत्र साक्षीदार म्हणून मोजल्या गेल्या. म्हणून विश्लेषणात एकाच तुकड्याच्या प्रतींवर खूण करून त्या मोजणीतून वगळतात. ही पायरी राहून गेली की पीसीआरमधली एक चूक पुराव्यासकट खरा बदल म्हणून उभी राहते.

बातमीत हवा असलेला पहिला आकडा तो हा ३०, म्हणजे खोली किंवा कव्हरेज. सरासरी एकदा वाचले म्हणजे सगळे वाचले, असे नाही. तुकडे कुठेही पडतात, त्यामुळे एक पट वाचनात सुमारे ३७ टक्के जीनोमवर एकही रीड पडत नाही. पाच पटीला ०.७ टक्के उरतो. दहा पटीलाही माणसाच्या जीनोममधली सुमारे १ लाख ४० हजार अक्षरे न वाचलेली राहतात. हे गणित लँडर आणि वॉटरमन यांनी १९८८ मध्ये मांडले, आणि ते आदर्श परिस्थितीचे आहे. प्रत्यक्षात जी आणि सी फार दाटलेल्या जागा पीसीआरला जमत नाहीत, तिथे ३० ची सरासरी असूनही चारच रीड असतात. चार रीडवर दोन्ही पालकांची अक्षरे दिसतील याची खात्री काय? चारही रीड एकाच पालकाच्या प्रतीतून येण्याची शक्यता आठात एक. ‘बदल आढळला नाही’ आणि ‘तिथे पुरेसे वाचलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण अहवालात दोन्ही रिकाम्या जागेसारख्याच दिसतात.

आता जुळणी. प्रमाण जीनोम आधीच तयार असेल तर रीड त्यावर ठेवून फरक तेवढे टिपायचे, हे तुलनेने सोपे. नव्या प्रजातीचा पहिला जीनोम करताना रीडवर रीड चढवून सलग पट्टे, म्हणजे कॉन्टिग, बांधावे लागतात. अडचण पुनरावृत्तीची. माणसात ‘अलू’ नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा दहा लाखांहून अधिक वेळा येतो. एकटा तोच जीनोमचा दहावा हिस्सा आहे. दीडशे अक्षरांचा रीड अलूच्या पोटात पडला की तो दहा लाखांतला नेमका कुठला, हे त्या रीडवरून कळायचे नाही. नियम साधा आहे: पुनरावृत्तीपेक्षा रीड लांब हवा आणि दोन्ही बाजूंची वेगळी अक्षरे त्यात यायला हवीत. नाहीतर संगणक एकतर तिथे पट्टा तोडतो किंवा दोन ठिकाणे चुकीने जोडून टाकतो.

मानवी जीनोम ‘पूर्ण झाला’ अशी बातमी इतक्यांदा का आली, त्याचे उत्तर इथे आहे. २००० साली कच्चा मसुदा जाहीर झाला, २००१ ला तो प्रसिद्ध झाला, २००३ ला काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तरी सुमारे ८ टक्के भाग कोराच होता. गुणसूत्रांच्या मध्याजवळचा आणि तशाच इतर पुनरावृत्तींनी भरलेला भाग. तो २०२२ मध्ये लांब रीडमुळे भरला. त्यासाठी वापरलेल्या पेशी मुद्दाम अशा निवडल्या होत्या की दोन्ही संच एकसारखे होते, म्हणजे आईची प्रत कुठली नि वडिलांची कुठली हा गुंता नको. पण त्या पेशींत वाय नव्हते. ते दुसऱ्या व्यक्तीच्या पेशींतून २०२३ मध्ये पूर्ण झाले, ६ कोटी २४ लाख अक्षरांचे. या सगळ्या बातम्या आपापल्या अर्थाने खऱ्याच होत्या. ‘पूर्ण’ कशाला म्हणायचे ते तेवढे त्यांत लिहिलेले नव्हते.

जुळणी किती सलग झाली हे सांगायला एन५० हा आकडा वापरतात, आणि फसवतात ते यानेच. समजा एक कोटी अक्षरांचा जीनोम सहा पट्ट्यांत आहे: ४० लाख, २५ लाख, १५ लाख, १० लाख आणि ५-५ लाखांचे दोन. मोठ्यापासून बेरीज करत जायचे. एकूण लांबीचा निम्मा टप्पा ज्या पट्ट्यावर ओलांडला जातो त्याची लांबी म्हणजे एन५०. चाळीसने ५० लाख होत नाहीत, पंचवीस मिळवल्यावर ६५ होतात, तेव्हा एन५० झाला २५ लाख. आता कुणी चुकून ४० आणि १५ लाखांचे पट्टे एकमेकांना जोडले. सर्वांत मोठा पट्टा ५५ लाखांचा झाला आणि एन५० एकदम ५५ लाख! चुकीबद्दल बक्षीस मिळावे तसा आकडा दुपटीहून वाढला. म्हणून एन५० एकट्याने छापू नये. सोबत दोन गोष्टी विचाराव्यात. एक, दर किती अक्षरांमागे चूक आहे. दुसरी, त्या जीवगटात प्रत्येकी एकदाच असायला हवीत अशी ठाऊक जनुके किती टक्के सापडली आणि त्यांतली किती दोनदा सापडली. दोनदा सापडणाऱ्यांचे प्रमाण जास्त असले तर बहुधा दोन्ही पालकांच्या प्रती वेगळ्या जागा समजून मोजल्या गेल्या आहेत, आणि जीनोमचा आकारही तेवढाच फुगलेला आहे. आकाराची उलटतपासणी सोपी आहे: कच्च्या रीडमधले २१ अक्षरांचे सगळे शब्द मोजायचे, चुकीमुळे एखाददुसऱ्यांदाच आलेले काढायचे, उरलेल्यांच्या एकूण संख्येला मुख्य उंचवट्याच्या खोलीने भागायचे. जुळणी न करताच आकार मिळतो. पृथ्वीवरच्या केंद्रकी जीवांचे जीनोम करायला २०१८ मध्ये सुरू झालेल्या अर्थ बायोजीनोम प्रकल्पाने किमान अट ठेवली आहे ती अशी: कॉन्टिगचा एन५० दहा लाखांवर, जुळणी गुणसूत्राच्या पातळीवर आणि चूक दहा हजारांत एकाहून जास्त नाही.

चांगली जुळणीसुद्धा परक्या डीएनएने नासते. २०१५ मध्ये जलअस्वल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टार्डिग्रेडच्या जीनोमवर निबंध आला: त्याच्या जनुकांपैकी जवळपास सहावा हिस्सा जीवाणूंसारख्या परक्या जीवांकडून आलेला आहे. बातमी जगभर गाजली. त्याच प्रजातीवर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या दुसऱ्या गटाने पट्ट्यांची खोली आणि जी-सीचे प्रमाण एका आलेखावर मांडले, तेव्हा ‘परके’ पट्टे वेगळ्याच पुंजक्यात पडले. प्राण्याचा स्वतःचा डीएनए एका खोलीचा, नमुन्यासोबत आलेल्या जीवाणूंचा दुसऱ्याच. प्राण्याच्या जनुकांत सहज दिसणारा आरएनएचा पुरावाही त्यांतल्या बहुतेकांना नव्हता. आकडा कोसळला. दुसरा किस्सा याहून गमतीचा. फाय-एक्स-१७४ हा ५,३८६ अक्षरांचा विषाणू. फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये क्रम लावलेला पहिला डीएनए जीनोम. आज तो यंत्राची तपासणी म्हणून नमुन्यांत मुद्दाम मिसळतात आणि नंतर संगणकात गाळून टाकायचा असतो. २०१५ मध्ये तपासले तेव्हा जीवाणूंच्या हजाराहून अधिक प्रसिद्ध जीनोममध्ये तो तसाच राहिलेला सापडला. प्राचीन हाडांच्या बाबतीत मात्र डीएनएची झीजच ओळख पटवते: जुन्या तुकड्यांच्या टोकांशी सीच्या जागी टी वाचला जातो. ती खूण नसेल तर तो डीएनए हाड हाताळणाऱ्याचा असण्याचीच शक्यता जास्त.

तुलनेच्या बातम्यांत टक्केवारी असते, छेद नसतो. ‘माणूस आणि चिंपांझी ९८.८ टक्के सारखे’ हे २००५ च्या तुलनेतून आले. जे भाग एकमेकांसमोर नीट मांडता आले त्यांत साडेतीन कोटी ठिकाणी अक्षर वेगळे, म्हणजे १.२ टक्के. पण कुठे तुकडे गळले आहेत, कुठे भरले गेले आहेत; अशा ५० लाख घटना वेगळ्या, आणि त्यांत गुंतलेली अक्षरे मोजली तर आणखी सुमारे ३ टक्के. दोन्ही आकडे बरोबर. पहिला अक्षरांच्या अदलाबदलीचा, दुसरा लांबीचा. ‘केळ्याशी आपले निम्मे जनुक सारखे’ हे तर अक्षरांबद्दलचे विधानच नव्हे. निम्म्याच्या आसपास जनुकांना केळीत ओळखू येण्याजोगे भाऊबंद आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

भाऊबंदांतही दोन नाती असतात आणि ती ओळखण्यात चूक झाली की वंशवृक्ष वाकडा येतो. हिमोग्लोबिनची अल्फा आणि बीटा जनुके एकाच मूळ जनुकाच्या दुपटीतून ४५ कोटी वर्षांच्या आसपास वेगळी झाली. माणूस आणि उंदीर वेगळे झाले आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी. माणसाच्या बीटाची तुलना उंदराच्या बीटाशी केली तर प्रजातींचे अंतर मिळते; चुकून उंदराच्या अल्फाशी केली तर दुपटीचे वय मिळते, तेही अगदी ठाम आकड्यांत. बरे, जनुक बरोबर निवडले तरी प्रत्येक भागाचा इतिहास सारखा असेलच असे नाही. २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम आला तेव्हा दिसले की सुमारे ३० टक्के भागांत माणूस आणि चिंपांझी एकमेकांना जितके जवळ आहेत त्यापेक्षा गोरिला त्या दोघांपैकी एकाला जवळचा आहे. एका जनुकावरून नातेसंबंध जाहीर करणारी बातमी म्हणूनच जपून छापावी.

माणसांच्या आजारांशी जोडलेल्या बातम्यांत ‘अमुक जागी बदल’ असे असते. ती जागा कुठल्या आवृत्तीतली? सिकलसेलचा प्रसिद्ध बदल घ्या. ११ व्या गुणसूत्रावर २००९ च्या प्रमाण आवृत्तीत तो ५२,४८,२३२ व्या अक्षराला आहे. २०१३ च्या आवृत्तीत तोच ५२,२७,००२ वर. बदल हललेला नाही, मधल्या दुरुस्त्यांनी मोजणी सरकली. त्यातच काही फाइली शून्यापासून मोजतात आणि काही एकापासून, म्हणून एका ठिकाणी शेवटी १ येईल तिथे दुसरीकडे २. आणखी एक मेख: हे जनुक उलट्या धाग्यावर आहे, आणि डीएनएच्या दोन धाग्यांत एसमोर टी असतो. जनुकाच्या भाषेत जीएजीचे जीटीजी होते, म्हणजे एच्या जागी टी. फाइलीत मात्र टीच्या जागी ए लिहिलेले दिसते. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘जुळत नाहीत’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी या तीन गोष्टी पाहिल्या की निम्मे वाद तिथेच संपतात.

जनुकांच्या संख्येबद्दल थोडक्यात सांगतो. ‘२७,००० जनुके सापडली’ यातली बहुतेक संगणकाने अक्षरांच्या ठेवणीवरून आणि आरएनएच्या पुराव्यावरून ओळखलेली असतात, आणि त्यांचे कार्य दुसऱ्या जीवातल्या सारख्या जनुकावरून उतरवून घेतलेले असते. मूळ नोंद चुकली असेल तर ती चूक शेकडो जीनोममध्ये उतरते. यादी एक्सेलमध्ये उघडली की आणखी एक संकट: ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ या जनुकांच्या तारखा होऊन बसत. २०१६ मध्ये पाहणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असे घोळ सापडले. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलावी लागली, ‘सेप्टिन२’ आणि ‘मार्चएफ१’ अशी. एक्सेल जिंकले म्हणायचे.

आपल्याकडे मागणी मोठी नाही. जीनोमच्या बातमीत एक ओळ वाढवावी: खोली किती, जुळणी कॉन्टिगची की गुणसूत्राची, चूक किती अक्षरांमागे एक, आणि तुलना असेल तर कशाच्या किती भागाशी. आणि सार्वजनिक साठ्यातला नोंदक्रमांक द्यावा. अमेरिका, युरोप आणि जपान इथले तीन साठे आपसांत नोंदींची देवाणघेवाण करतात, त्यामुळे एका क्रमांकावरून कुणालाही मूळ क्रम पाहता येतो. क्रमांक टिंबापुढच्या आकड्यासकट छापावा, कारण तो आवृत्तीचा असतो. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या करोना विषाणूच्या पहिल्या जीनोमचा क्रमांक एमएन९०८९४७. टिंबापुढे १ असलेली नोंद ३०,४७३ अक्षरांची होती. काही दिवसांतच दुरुस्त होऊन आलेली, टिंबापुढे ३ असलेली नोंद २९,९०३ अक्षरांची आहे, आणि पुढे बदलांची मोजणी झाली ती हिच्यावरून.

कळावे,
आपला,
जीनोम विश्लेषणाच्या कामातला एक वाचक